एक जूनचे दोन पुंडलिक

हिना तामोरेला त्या दिवशी कुणाची चूक शोधायची नव्हती. तिला ललित सरांना एक करामत दाखवायची होती, एवढंच.

बोईसरच्या त्या सेंटरमध्ये सीटी स्कॅनचं मशीन चालवायला लागून तिला सहा वर्षं झाली होती. सकाळी मुरब्याहून स्कूटीवर यायचं, पेशंटला टेबलावर झोपवायचं, "श्वास घ्या, रोखा, सोडा" म्हणायचं, मशीनमधून निघालेली पाचशे-सहाशे चित्रं संगणकावर चढवायची आणि नाशिकला बसून रिपोर्ट लिहिणाऱ्या रुचिता मॅडमना पाठवायची. चित्रं काढणं हिनाचं काम, वाचणं मॅडमचं. पण सहा वर्षं रोज मासे कापणाऱ्या बाईला माशाच्या पोटात काय कुठे असतं ते कुणी शिकवावं लागत नाही. हिनाचं तसंच झालं होतं.

गणपती झाल्यावर तिनं इंटरनेटवरून एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यात स्कॅनचे सगळे काप एकावर एक रचून माणसाची अख्खी छाती पडद्यावर उभी करता यायची. बरगड्या पांढऱ्या, फुप्फुसं निळी, मधलं हृदय लाल, आणि माउसनं ती कशीही गरागरा फिरवायची. एकाच माणसाचे जुने-नवे दोन स्कॅन एकमेकांवर बसवायचीही सोय होती. काय वाढलं, काय घटलं, ते सॉफ्टवेअर मोजून देई. दुपारी दोन ते तीन सेंटर ओस पडायचं, तेव्हा हिना डबा पटकन उरकून त्यात डोकं घालून बसायची. आपल्याकडे हे वापरात आलं तर डॉक्टर लोक खूश होतील, आपणही नुसत्या बटणं दाबणाऱ्या राहणार नाही, असं तिच्या मनात होतं. सेंटर ललित सरांचं. त्यांना पटवायचं म्हणजे एक झकास उदाहरण पाहिजे होतं.

तिनं जुने रिपोर्ट चाळले आणि तिला हवं तसं सापडलं. पुंडलिक पाटील, जन्म एक जून एकोणीसशे बासष्ट. गेल्या नोव्हेंबरातल्या स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात आठ मिलिमीटरची गाठ, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा असा शेरा. फेब्रुवारीतल्या स्कॅनमध्ये गाठ नाहीशी. 'आधीची गाठ विरघळली आहे,' असं मॅडमनी स्पष्ट लिहिलं होतं. दोन चित्रं एकमेकांवर ठेवायची आणि गाठ होती तिथे आता काही नाही हे रंगात दाखवायचं. याहून चांगलं उदाहरण कुठलं?

नाव-गाव पुसून तिनं दोन्ही स्कॅन सॉफ्टवेअरमध्ये घातले आणि जुळवायचं बटण दाबलं. सॉफ्टवेअर चार-पाच मिनिटं फिरत राहिलं. मग पडद्यावर जे उभं राहिलं ते घाईत नेसलेल्या लुगड्यासारखं होतं. कुठलीच कड कुठल्या कडेवर नाही.

तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. एका वेळी माणसानं श्वास जास्त घेतला असेल, दुसऱ्या वेळी कमी. तिनं फुप्फुसं काढून टाकली आणि नुसती हाडं ठेवली. पाठीचे मणके एकमेकांवर बसवून बघितले. एक मणका बसवला की वरचा घसरे, वरचा बसवला की खालचा. मणके काही श्वासाबरोबर उंच होत नाहीत. मग तिनं नोव्हेंबरची छाती फिरवली आणि डाव्या बाजूला सातव्या बरगडीवर तिचा हात थांबला. तिथे हाडाला जाडसर गाठोळी होती. कधीतरी बरगडी मोडली होती आणि जुळली होती. तिनं फेब्रुवारीची छाती तशीच फिरवली. सातवी बरगडी गुळगुळीत.

मोडलेलं हाड जुळतं. पण ते जुळल्याची खूण तीन महिन्यांत पुसली जात नाही.

हिनानं माउस सोडला. ही दोन माणसं होती.

तिनं सेंटरच्या मुख्य सिस्टीमची नोंदवही उघडली. कुणी काय केलं ते तिथे तारीखवार लिहिलेलं असतं. फेब्रुवारीच्या सतरा तारखेला, सकाळी अकरा चाळीसला सिस्टीमनं विचारलं होतं: याच नावाचा, याच जन्मतारखेचा पेशंट आधी नोंदलेला आहे, दोन्ही नोंदी एक करायच्या का? उत्तर होतं: होय. उत्तर देणाऱ्याच्या रकान्यात दोन अक्षरं होती. एच.टी.

तिची स्वतःची.

तो दिवस तिला आठवेना. सोमवार होता, म्हणजे गर्दी असणार. कारखान्यातला एखादा अपघाताचा पेशंट मध्येच आला असेल. तिनं तारीख बघितली असेल, नाव बघितलं असेल आणि दाबलं असेल. एक जूनचं तिला कसं सुचलं नाही? आपल्याकडच्या साठीतल्या माणसांच्या जन्मतारखा मास्तरांनी शाळेत नाव घालताना ठरवलेल्या. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस एक जून. तिच्या स्वतःच्या आईचाही तोच होता.

नोंदी एक झाल्यावर जुना फोन नंबर जाऊन नवा राहिला होता. त्या नंबरवर तिनं लगेच फोन लावला. एका बाईनं उचलला.

"पुंडलिक पाटलांचं घर ना? मी बोईसरच्या स्कॅन सेंटरमधून हिना बोलतेय."

"हां, मी दमयंती, त्यांची मंडळी. ते वाडीत गेलेत, केळीला पाणी लावायला. काय झाला?"

"तुम्ही कुठल्या गावचे?"

"एडवणचे."

"काकी, पाटीलकाका आमच्याकडे किती वेळा आले होते?"

"एकदाच की. शिवरात्रीच्या आधी. खोकला जात नव्हता म्हणून."

"त्याच्या आधी नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुमाराला?"

"नाय गो. दिवाळीत आमी कुटं आलो?" दमयंतीकाकी हसल्या. "तुमच्या रिपोर्टाची मजाच झाली बघ. डॉक्टर म्हणाले, गाठ होती ती विरघळली. आमी म्हटला, होती कवा? पण गेली म्हणतात तर बरा झाला. मी देवीची ओटी भरली आन् ह्यांनी तंबाखू सोडली. का गो? काय घोटाळा हाय?"

"तुमच्या काकांना काही नाही, काकी. त्यांची छाती स्वच्छ आहे," हिना म्हणाली. तेवढं तरी ती छातीठोकपणे सांगू शकत होती.

घोटाळा दुसरीकडे होता. ज्याच्या छातीत गाठ होती, त्याच्या नावावर गाठ गेल्याचा रिपोर्ट बसला होता. त्या माणसानं फेब्रुवारीत फोन केला असेल तर काउंटरवरून त्याला काय उत्तर मिळालं असेल, हे तिला फोन न ऐकताही कळत होतं. आणि आता ऑक्टोबर उजाडला होता.

ललित सर पाच वाजता आले. हिनानं दार लावून त्यांना सगळं दाखवलं, दोन्ही छात्या फिरवून दाखवल्या. सर वाईट माणूस नव्हते. पॅथॉलॉजीचे डॉक्टर, पालघरला छोटी लॅब चालवता चालवता त्यांनी हे सेंटर उभं केलं होतं.

"हे फुकटातलं सॉफ्टवेअर," ते म्हणाले, "त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा?"

"सॉफ्टवेअर राहू दे, सर. बरगडी डोळ्यांनी दिसतेय. साध्या स्कॅनमध्येही दिसतेय."

त्यांनी रुचिता मॅडमना फोन लावला. मॅडमनी तिकडे स्कॅन उघडले. दहा मिनिटांनी त्यांचाच फोन आला. त्यांचा आवाज बदलला होता. "दोन माणसं आहेत. मी फुप्फुसाच्या सेटिंगवर दोन्ही ताडून बघितले, हाडांचं सेटिंग लावलंच नाही. मी बघायला हवं होतं, ललित. त्या माणसाला लगेच बोलवा."

फोन ठेवून सर खोलीतल्या खोलीत चालत राहिले. "बोलवू," ते म्हणाले. "पण हिना, रूटीन फॉलोअप आहे म्हणून बोलवायचं. नोंदींचं काही बोलायची गरज नाही. मी आधी वकिलांशी बोलतो. दोन दिवस थांब."

कपाटातल्या जुन्या गठ्ठ्यांतून हिनानं नोव्हेंबरातला संमतीचा फॉर्म शोधून काढला. पुंडलिक पाटील, मुक्काम मासवण. खाली फोन नंबर होता. तिनं लावला. 'हा नंबर सध्या अस्तित्वात नाही.' तीनदा लावला, तीनदा तेच.

ते दोन दिवस हिनाला अंगावर कुसळं पडल्यासारखे गेले. मशीनवर कुणीही झोपलं की ती नाव दोनदा विचारी, वडिलांचं नाव विचारी, गाव विचारी, मग पुन्हा नाव विचारी. एका पेशंटनं वैतागून म्हटलंच, "मॅडम, शादी करानी है क्या?" ती हसलीसुद्धा नाही. आठ मिलिमीटर म्हणजे मटाराच्या दाण्याएवढं. अकरा महिन्यांत मटाराचं काय होतं, हा हिशोब डोक्यात चालूच राहायचा. सिस्टीममध्ये नोंदी पुन्हा वेगळ्या करायचं बटण होतं. ते दाबलं की सगळं मूळ जागी जाणार होतं, आणि मुद्दाम नोंदवही उघडल्याशिवाय कुणाला काही दिसणार नव्हतं. तिचा हात दोनदा त्या बटणापर्यंत जाऊन आला.

दुसऱ्या संध्याकाळी घरी तिची आई, शकू, ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. हिना आली, बसली, उठली, पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला.

"काय झाला तुला?" आई म्हणाली. "काल जेवली नाय, आज बोलत नाय."

हिनानं सांगितलं. सॉफ्टवेअर आईला कळलं नसेल, पण दोन माणसं आणि एक नाव हे कळलं.

"मग त्या मासवणच्याला सांगितलास?"

"सर थांब म्हणाले."

"सर म्हणाले." आईनं बोंबलाचं एक डोकं मोडून बाजूला टाकलं. "त्याच्या घरी कोण हाय, काय हाय, म्हायती हाय तुला?"

"नाही."

"मग जा. उद्या तुझी सुट्टी हाय ना?"

सुट्टी होती. सकाळी तिनं सरांना मेसेज टाकला: 'मासवणला जातेय. फॉलोअप म्हणून बोलावते.' सरांचं उत्तर आलं, 'बरं. तेवढंच.'

पालघर सोडून ती मनोरच्या रस्त्याला लागली तेव्हा दोन्हीकडे भात पिवळं पडलं होतं, काही शेतांत कापणी सुरू होती. मासवणच्या नाक्यावर एका दुकानदाराला तिनं विचारलं, "पुंडलिक पाटील कुठे राहतात?"

"कुठला पुंडलिक? दोन होते," दुकानदार म्हणाला. "एक वारला गेल्या महिन्यात."

तिनं स्कूटीचा स्टँड लावायचा म्हणून लावला. "कशानं वारले?"

"कशानं म्हणजे? म्हातारपण. पंच्याऐंशीचा होता. तुमाला कोण पाहिजे?"

"साठीतले. छातीचा फोटो काढला होता बोईसरला."

"तो व्हय? कमलेशचा बाप. शेतावरच असंल. त्या चिंचेच्या पुढं डाव्या अंगाला."

खळ्यावर चार माणसं भात आणून टाकत होती. त्यातला काटक, पिकल्या मिशांचा माणूस भारा उतरवून कंबर सरळ करत खोकला, आणि हिनानं त्याला ओळखलं. चेहऱ्यानं नव्हे, चेहरा तिला अजिबात आठवत नव्हता. पण खोकताना तो उजव्या हातानं छाती धरत होता.

त्याचा मुलगा कमलेश पुढे आला. तिशीतला, तारापूरच्या एका कारखान्यात कामाला. कापणीसाठी रजा काढून आला होता. हिनानं आपलं नाव सांगितलं, सेंटरचं सांगितलं. त्यांनी तिला झाडाखाली खाटेवर बसवलं, पाणी दिलं.

"फॉलोअप स्कॅन करायचाय काकांचा," ती म्हणाली. "उद्या आलात तर बरं. पैसे पडणार नाहीत."

"पुन्यांदा?" कमलेश म्हणाला. "फेब्रुवारीत मीच फोन केलता तारीख घ्यायला. तुमच्याकडनंच सांगितला, नवीन रिपोर्ट आलाय, गाठ गेली, येऊ नका. मी म्हटला पण, नवीन कुठला, आमी तर आलोच नाय. तर म्हणाले, सिस्टीममध्ये हाय ना, मग झाला."

"हो, पण... नियमाप्रमाणे वर्षानं एकदा बघतात."

"दिवाळीनंतर बघू," पुंडलिक म्हणाले. "भात पडलाय सगळा. मला काय होत नाय. खोकला तर कारखान्याच्या धुरानं सगळ्यांनाच हाय."

"आन् एकदा गेली ती गाठ परत कशाला बघायची?" कमलेशनं विचारलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण 'फुकट म्हणता म्हणता हे लोक काय गळ्यात मारतील' असा संशय होता.

"ठीक आहे. दिवाळीनंतर या," हिना म्हणाली.

ती उठली. सरांनी सांगितलं होतं ते तिनं केलं होतं. तिनं बोलावलं होतं, ते येणार नव्हते. कागदावर हे सगळं अगदी चोख दिसलं असतं. ती स्कूटीपर्यंत गेली, चावी लावली. मागे कुणीतरी भारा आपटल्याचा धप्प आवाज आला आणि पाठोपाठ तो खोकला.

हिना परत फिरली.

"काका, तुम्ही बसा जरा," ती म्हणाली. "मी आत्ता खरं बोलले नाही."

पुंडलिक खाटेवर बसले. कमलेश उभाच राहिला.

"तुमच्या डाव्या कुशीत कधी मार लागला होता?"

पुंडलिकांचा हात आपोआप बरोब्बर सातव्या बरगडीवर गेला. "बैलानं ढुशी दिलती. लगीन व्हायच्या आधीची गोष्ट. तुला कसा म्हायती?"

"तुमच्या स्कॅनमध्ये दिसतंय. आणि ज्या स्कॅनमध्ये गाठ नाही, त्यात ती खूण नाही. तो स्कॅन तुमचा नाही, काका. एडवणच्या दुसऱ्या पुंडलिक पाटलांचा आहे. नाव तेच, जन्मतारीख तीच. दोन नोंदी एक झाल्या, आणि त्यांचा रिपोर्ट तुमचा म्हणून तुम्हाला सांगितला गेला. तुमची गाठ गेलेली नाही. निदान ती गेली हे कुणी बघितलेलं नाही."

खळ्यावर काम करणाऱ्यांचे हात थांबले होते. कमलेशचा चेहरा लाल झाला. "एक झाल्या? आपोआप झाल्या?"

"नाही. मी केल्या. सिस्टीमनं विचारलं आणि मी हो म्हटलं."

"आन् फोनवर कोण होता?"

"माहीत नाही. काउंटरवर जो असेल तो. मीही असेन."

"फेब्रुवारी ते ऑक्टोबर," कमलेश बोटांवर मोजत म्हणाला, आणि मोजून झाल्यावर हात तसाच हवेत राहिला. "आठ महिने! अन् तू आत्ता दिवाळीनंतर या म्हणून चालली होतीस?"

तिनं मान खाली घातली नाही, एवढंच ती करू शकली.

पुंडलिकच बोलले. "गप रे," ते मुलाला म्हणाले. मग हिनाकडे वळून, "आता काय करायचा ते सांग, पोरी."

"उद्या सकाळी आठला या. पहिला नंबर तुमचा."

पालघरला पोचल्यावर तिनं रस्त्याच्या कडेला थांबून सरांना फोन केला. काय सांगितलं आणि काय सांगायचं नव्हतं, दोन्ही सांगितलं. सर म्हणाले, "आठ वाजता मी असतो."

सकाळी आठला पुंडलिक टेबलावर झोपले. हिनानं त्यांचं नाव विचारलं, वडिलांचं विचारलं, गाव विचारलं. "श्वास घ्या. रोखा," ती काचेमागून म्हणाली. पहिले काप पडद्यावर उतरायला लागले तेव्हा ललित सर तिच्या मागेच उभे होते. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ती होती. मोजायला सॉफ्टवेअरची गरज नव्हती, पण मोजली. तेरा मिलिमीटर, कडा कुसळांसारख्या. दुपारी रुचिता मॅडमचा रिपोर्ट आला. त्यात 'तातडीनं' हा शब्द दोनदा होता.

कमलेश रिपोर्ट घ्यायला आला तेव्हा त्यानं एकच मागणी केली. "झाला ते लिहून द्या. मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायचा हाय. ते विचारतील, मधला स्कॅन कुठला."

ललित सर म्हणाले, "आम्ही नवीन रिपोर्टमध्ये दुरुस्ती..."

"मी लिहून देते," हिना म्हणाली.

सरांनी तिला आत बोलावलं. दार लागल्यावर त्यांचा आवाज चढला. "तुला कळतंय का तू काय करतेयस? उद्या हा कागद तक्रारीला जोडला तर तुझं सर्टिफिकेट जाईल. माझं सेंटर जाईल. अठरा माणसं आहेत इथे."

"मुंबईच्या डॉक्टरांनी फेब्रुवारीचा स्कॅन काकांचा समजून वाचला, तर पुन्हा तोच घोळ होईल, सर. गाठ एकदा जाऊन परत आली असं वाटेल त्यांना. वेगळंच काहीतरी शोधत बसतील."

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. हिनानं बसून लिहिलं. साध्या मराठीत, अकरा ओळी. तारीख, वेळ, काय विचारलं, तिनं काय दाबलं, कुठला स्कॅन कुणाचा. खाली सही केली, नाव लिहिलं. सरांनी कागद उचलून वाचला. एक ओळ त्यांना खटकली, 'काउंटरवर खातरजमा झाली नाही' ही. पेन घेऊन ती खोडायला ते वाकले आणि तसेच थांबले. मग तिच्या सहीखाली स्वतःची सही करून त्यांनी शिक्का मारला आणि कागद तिच्या हातात दिला.

डिसेंबरात मुंबईला ऑपरेशन झालं. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढला. गाठ कॅन्सरचीच होती, पण बाहेर कुठे पसरलेली नव्हती. ही बातमी हिनाला कमलेशनं नव्हे, रुचिता मॅडमनी कळवली. त्यांनी मुंबईत ओळखीनं चौकशी केली होती. हिनानं त्यांना तो प्रश्न विचारला जो तिला दोन महिने कुरतडत होता: फेब्रुवारीतच कळलं असतं तर?

"कदाचित हेच ऑपरेशन झालं असतं," मॅडम म्हणाल्या. "कदाचित छोटं. सांगता येत नाही, हिना. मी स्वतःला पण हेच विचारते."

दरम्यान हिनानं सिस्टीममधल्या आजवर एक केलेल्या सगळ्या नोंदी बाहेर काढल्या होत्या. त्रेचाळीस होत्या. रोज दुपारी दोन ते तीन ती त्यातली एकेक जोडी घेई, नावं पुसून हाडांवर हाडं बसवून बघे. डोक्यावर डोकं, मणक्यावर मणका. बहुतेक जोड्या अशा चपखल बसत की पडद्यावर एकच माणूस दिसे, आणि प्रत्येक वेळी ती बसली की हिना खुर्चीत मागे टेकून डोळे मिटे. दोन बसल्या नाहीत. एक राहीबाई नावाच्या बाईंची होती आणि दुसरी एका ट्रकवाल्याची. दोघांच्याही बाबतीत नुकसान काही झालं नव्हतं. तरी तिनं दोघांनाही फोन करून सांगितलं. राहीबाईंच्या मुलानं 'बरं, बरं' म्हणून फोन ठेवला. ट्रकवाल्यानं अर्धा तास शिव्या घातल्या. शिव्या तिला सोप्या गेल्या.

सेंटरमध्ये आता वडिलांचं नाव, गाव आणि आधारचे शेवटचे चार आकडे घेतल्याशिवाय नोंद होत नव्हती. ते फुकटचं सॉफ्टवेअर सरांनी रिपोर्टिंगच्या संगणकावरही बसवून घेतलं. हिनाला कुणी काढलं नाही, पगारवाढही कुणी दिली नाही. सर तिच्याशी कामापुरतं बोलत. कधी पोस्टमन पाकीट घेऊन आला की दोघांचीही मान एकदमच दाराकडे वळे.

एप्रिलात पुंडलिक तपासणीच्या स्कॅनला आले. जिना चढताना ते तीनदा थांबले. अंग सुकलं होतं, मिशा काढल्या होत्या. टेबलावर झोपताना त्यांनी सदरा वर केला तेव्हा उजव्या बगलेखालून पाठीकडे गेलेला व्रण दिसला, अजून लालसर होता.

"शेतावर जाता का?" हिनानं विचारलं.

"बांधापर्यंत. पुढं कमलेशची बायको जाऊ देत नाय." त्यांनी टेबलाच्या कडा धरून अंग टेकवलं. "माझा आतला फोटो दाखव की एकदा. सगळ्यांनी बघितला, मीच नाय बघितला."

स्कॅन झाल्यावर तिनं त्यांना काचेमागे खुर्चीवर बसवलं. छाती पडद्यावर उभी केली आणि हळूहळू फिरवली. ते पुढे वाकून बघत राहिले. वरचा भाग काढला तिथे खालचं फुप्फुस फुगून वर सरकलं होतं.

"मोकळी जागा भरून काढलीय की," ते म्हणाले.

"थोडी. सगळी नाही भरत."

"होय, धाप लागते त्यावरनं कळतं." त्यांनी मान हलवली. "आता त्यात काय वाईट दिसतं का?"

"मला तरी नाही दिसत. पण माझ्यावर जाऊ नका, काका. मॅडम सांगतील."

रिपोर्ट दुपारी आला. नवीन काही नव्हतं. पुढची तपासणी सहा महिन्यांनी. कमलेश काउंटरवर आला, तिच्या हातातून पाकीट घेतलं आणि तिथेच उघडून नाव, वडिलांचं नाव, गाव नीट वाचलं. वडील जिन्याकडे गेल्यावर तो थांबला.

"तुमी दिलेला कागद माझ्याकडे हाय," तो म्हणाला. "तक्रार करायची का नाय ते अजून ठरत नाय. बाबा नको म्हणतात. बायको करा म्हणते. मला कधी असा वाटतं, कधी तसा."

"तुमचा हक्क आहे," हिना म्हणाली.

"हाय ना." त्यानं पाकीट बगलेत धरलं. "ठरला की आधी तुमाला सांगेन. तोंडावर सांगेन. तुमी आला होता तसा."

"सांगा."

तो वडिलांच्या मागोमाग गेला. हिना जिन्यावरून उतरणाऱ्या दोघांची पावलं ऐकत उभी राहिली. चार पायऱ्या, थांबा. पुन्हा चार पायऱ्या. पावलं खाली पोचल्यावर तिनं पुढचा फॉर्म उचलला आणि बाकावर बसलेल्या बाईंना नाव विचारलं.